फॉरमॅट मारायच्या आधी

कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हटलं की रायपुरात पहिलं वाक्य ऐकू येतं ते ठरलेलं: फॉरमॅट मार देते हैं. दुकानदाराला त्यात फारसा दोष देता येत नाही. बहुतेकांच्या मशीनमध्ये लग्नाचे फोटो, चार सिनेमे आणि पोरांचे प्रोजेक्ट यापलीकडे काही नसतं. फोटोंची एक प्रत कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असते, आणि तासाभरात मशीन चालू होऊन मिळालं की गिऱ्हाईक खूश. नेमकं काय बिघडलंय हे शोधायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. हे सगळं मला पटतं. तरीही ते वाक्य ऐकलं की डोक्यात तिडीक जाते, कारण ते म्हणणाऱ्याने आत काय आहे ते पाहिलेलंच नसतं.

माझे मामा सदर बाजारात राहतात. कोतवालीकडून आत शिरलं की दोन्ही बाजूंना सराफांच्या पेढ्या, जैन मंदिर, आणि डोक्यावर विजेच्या तारांचं असं जंजाळ की आभाळ फटीफटीतून दिसतं. धनत्रयोदशीच्या आधल्या आठवड्यात तिथे स्कूटर घालायची हिंमत फक्त बाहेरगावचा माणूस करतो. खाली पेढी, वर मामांच्या दोन खोल्या. मामांनी उभी हयात या पेढ्यांचे हिशेब लिहिण्यात घालवली. आधी लाल कापडाच्या लांब वह्यांत, मग टॅलीत. ऐंशीच्या घरात आले तरी दोन-तीन शेठ अजून ‘बाबूजी, जरा देख लीजिए’ म्हणत जिना चढतात.

मामांचा जन्म सी. पी. अँड बेरारमधला. ते शाळेत असताना १ नोव्हेंबर १९५६ ला रेघा बदलल्या. नागपूर मुंबई राज्यात गेलं, रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं, राजधानी भोपाळला गेली. पुन्हा १ नोव्हेंबरलाच, २००० साली, छत्तीसगड झालं. एवढ्या काळात मामांनी घर बदललेलं नाही. आमच्यासारखी इथली मराठी घरं अशीच: भोसल्यांच्या राज्याबरोबर कुणी आलं, रेल्वेबरोबर कुणी आलं, आणि मग नकाशा आपल्या सोयीने इकडेतिकडे सरकत राहिला.

मामांचा कॉम्प्युटर जुना होता, विंडोज सेव्हनचा, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. पेढीवरचे पेनड्राइव्ह इकडून तिकडे फिरत आणि बरोबर व्हायरस आणत. त्यामुळे मी त्याच डिस्कवर एक चौथा भाग पाडून उबुंटू घालून दिलं होतं. हिशेब विंडोजमध्ये, स्वतःचं लिहिणं-वाचणं उबुंटूत, अशी वाटणी मामांनी स्वतःच करून घेतली. पेनड्राइव्हला त्या बाजूला प्रवेश नाही, हा त्यांचा नियम. सोवळं-ओवळं, असं मामी म्हणायच्या.

दिवाळीला नातू पुण्याहून आला. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला, हात शिवशिवणारा. डी ड्राइव्ह भरला होता, तर त्याने आजोबांना न विचारता जागा वाढवायची मोहीम काढली. डिस्क मॅनेजमेंट उघडलं. तिथे चार तुकडे दिसले. त्यातल्या चौथ्याला ना ड्राइव्हचं अक्षर, ना नाव. आणि वरच्या तक्त्यात त्याच्यापुढे लिहिलेलं: मोकळी जागा १०० टक्के.

या ‘१०० टक्के’पाशी मी नंतर बराच वेळ अडले. तो भाग रिकामा नव्हता, अर्ध्याहून जास्त भरलेला होता. पण लिनक्सची फाइल मांडण्याची पद्धत वेगळी, तिला ईएक्सटी-फोर म्हणतात, आणि विंडोजला ती वाचता येत नाही. मग विंडोज काय करतं? मला समजत नाही असं प्रामाणिकपणे सांगायचं सोडून सगळीच्या सगळी जागा मोकळी आहे असं दाखवतं. नातवाने डिलीट म्हटलं तेव्हा एक इशाराही आला होता, की हा भाग विंडोजने बनवलेला नाही, यात दुसऱ्या कुठल्या सिस्टिमचा डेटा असू शकतो. पण इशारे वाचायचं वय ते नाही. आणि १०० टक्के मोकळी जागा समोर दिसत असताना वाचायचं तरी कशाला?

डिलीट केल्यावर काहीच झालं नाही. विंडोज चालू होतंच, ते चालत राहिलं. गाणी वाजली, टॅली उघडली. मोकळी झालेली जागा डीला जोडायची ती जेवण झाल्यावर, असं त्याने ठरवलं, आणि तेवढ्यात मशीन रीस्टार्ट केलं. काळा पडदा आला. वर बारीक पांढऱ्या अक्षरांत: एरर, नो सच पार्टिशन. खाली: एन्टरिंग रेस्क्यू मोड. त्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’ आणि लुकलुकणारी रेघ.

मामांचा फोन आला. ‘‘अगं, इंग्रजीत काहीतरी लिहून राहिलंय. रेस्क्यू म्हणतंय. कोणाला वाचवायचं आहे?’’

आता हे का झालं ते सांगितलं पाहिजे, कारण त्यात सगळी गंमत आहे. हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा असतो. त्यातले पहिले ४४६ बाइट म्हणजे मशीन चालू झाल्यावर सर्वांत आधी चालणारा इवलासा प्रोग्रॅम. शेवटचे दोन बाइट म्हणजे खूण. आणि मधले ६४ बाइट म्हणजे पार्टिशन टेबल: सोळा-सोळा बाइटांच्या चार नोंदी, कुठला भाग कुठून सुरू होतो आणि किती लांब आहे एवढंच. ही रचना १९८३ ची, आयबीएमने पीसी एक्सटीमध्ये दहा मेगाबाइटची डिस्क घातली आणि डॉस २.० आलं तेव्हाची. दहा मेगाबाइटांना चार नोंदी पुष्कळ होत्या. डिस्क हजारो पटींनी मोठी झाली तरी मामांच्या मशीनमध्ये तीच चार घरं होती आणि ती चारही भरलेली.

लिनक्स घातलं की त्या ४४६ बाइटांत विंडोजच्या प्रोग्रॅमऐवजी ग्रबचा पहिला तुकडा बसतो. तेवढ्या जागेत त्याला फार काही मावत नाही, म्हणून तो शेजारच्या सेक्टरांतला आपला दुसरा तुकडा उचलतो, आणि तो दुसरा तुकडा उरलेला ग्रब शोधायला लिनक्सच्या भागात जातो. विंडोज सुरू करायचं असलं तरी वाट तिथूनच. नातवाने नेमकी त्या भागाची नोंद काढली. विंडोज धडधाकट, टॅलीचे हिशेब जागच्या जागी, पण दार उघडणारा माणूस ज्या खोलीत राहायचा ती खोलीच कागदोपत्री नाहीशी झालेली.

मी पोचले तोवर दोन उपाय आधीच हजर होते. गल्लीच्या तोंडाशी बसणारा एक मेकॅनिक मुलगा बघून गेला होता: फॉरमॅट, विंडोज टेन, सकाळपर्यंत मशीन हातात. दुसरा उपाय खुद्द नातवाचा. त्याने मोबाइलवर शोधून काढलं होतं की विंडोजच्या डीव्हीडीने मशीन चालू करायचं, रिपेअरमध्ये जाऊन काळ्या खिडकीत ‘बूटरेक, फिक्स एमबीआर’ असा हुकूम द्यायचा, की ते ४४६ बाइट पुन्हा विंडोजचे होतात. हे बरोबर होतं, आणि मी तसं त्याला सांगितलंही. त्या हुकमाने टेबलाला धक्का लागत नाही, फाइली जात नाहीत, विंडोज पाच मिनिटांत उठून बसतं.

पण म्हणूनच मला तो नको होता. विंडोज उठलं असतं, पेढीचं काम निघालं असतं, धनत्रयोदशी तोंडावर, सगळ्यांनी हुश्श केलं असतं. आणि त्या चौथ्या तुकड्याची आठवण येईपर्यंत डी ड्राइव्ह हातपाय पसरून त्याच्यावर बसला असता. आधी हरवलेलं शोधायचं आणि मग दार दुरुस्त करायचं, हा क्रम मशीनला नाही, माणसांच्या विसराळूपणाला धरून आहे.

‘‘पण आत्या, तो भाग तर डिलीट झाला,’’ नातू म्हणाला. बिचाऱ्याचा चेहरा उतरला होता.

मी काही बोलायच्या आत मामाच म्हणाले, ‘‘नोंद गेली ना? पटवाऱ्याने वहीतला खसरा नंबर खोडला म्हणून शेत काय उठून महानदीत जाते?’’

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. गेले होते ते सोळा बाइट, बाकी सगळं जागेवर होतं. डिस्कवर पुसणं हे असंच असतं. मशीन आळशी आहे आणि त्या आळसावर कितीतरी लोकांची अब्रू वाचलेली आहे. डॉसच्या काळात फाइल डिलीट केली की तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर बदललं जायचं, तिथे ई-फाइव्ह हा आकडा यायचा. बाकीचं नाव, आतला मजकूर, सगळं तसंच. पीटर नॉर्टनने १९८२ मध्ये अनइरेज नावाची सोय विकायला काढली ती या आधारावर. फाइल परत आणताना ती तुम्हाला विचारायची: पहिलं अक्षर काय होतं? तेवढं मात्र माणसालाच आठवावं लागे. मला तो प्रश्न फार आवडतो. सगळं माझ्याकडे आहे, सुरुवात तेवढी तू सांग, म्हणतोय.

हा आळस नव्या एसएसडीत उरलेला नाही, हेही सांगून ठेवायला हवं. तिथे ट्रिम नावाची शिस्त आहे. एखादी जागा मोकळी केली किंवा भाग फॉरमॅट केला की सिस्टिम ड्राइव्हला तसं कळवते, आणि ड्राइव्ह आपल्या सवडीने ती जागा खरोखर साफ करून ठेवतो, पुढचं लिहिणं जलद व्हावं म्हणून. एकदा ते झालं की घरी बसून काही परत आणण्याची आशा सोडावी. मामांच्या डब्यात जुनी फिरती हार्ड डिस्क होती हे आमचं नशीब. दुसरं नशीब म्हणजे नातवाला भूक लागली आणि तो जागा न जोडता जेवायला उठला.

अशा वेळी करायची पहिली गोष्ट म्हणजे काही न करणं. त्या डिस्कवर एक बाइटही लिहायचा नाही. विंडोज टाकायचं नाही, वाचवणारा प्रोग्रॅमसुद्धा तिच्यावर उतरवायचा नाही. मी पेनड्राइव्हवरून उबुंटू चालवलं (पेनड्राइव्हचा नियम त्या दिवशी मामांनी शिथिल केला), बाहेरची एक टीबीची डिस्क जोडली आणि डीडी-रेस्क्यूने सबंध डिस्कची हुबेहूब नक्कल काढायला लावली. मजकूर कळो न कळो, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जे आहे ते जसंच्या तसं. जुन्या मशीनला यूएसबी टू. पाचशे जीबीला चार-पाच तास तरी लागणार होते.

‘‘काय करून राहिली आता?’’ मामांनी विचारलं.

‘‘फोटो काढतेय डिस्कचा. काही चुकलं तर फोटोवरून पुन्हा सुरुवात करता येईल.’’

हे शब्द खाली कसे पोचले कोण जाणे, पण थोड्या वेळाने शेठजींचा पोऱ्या वर येऊन कॅबिनेटकडे बघून गेला. त्याला कॅमेरा कुठे दिसेना.

त्या चार-पाच तासांत मी मामांना विचारलं, त्या भागात नेमकं होतं काय? मला वाटलं होतं पत्रं, कविता वगैरे. मामा म्हणाले, इथल्या मराठी मंडळातल्या भाषणांचे कच्चे खर्डे आहेत. मामींनी सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत, त्यांनी सांगायच्या आणि मामांनी टंकायच्या. मामी जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. आणि कागदांचे फोटो आहेत. ‘‘कुठल्या कागदांचे?’’ तर त्यांच्या आजोबांच्या पेटीतले मोडी कागद. मूळ कागद आता पेटीत नाहीत, घराला रंग दिला तेव्हा कुणीतरी रद्दीत घातले. का घातले? तर त्यावर काही लिहिलेलं नव्हतं, नुसत्या रेघोट्या होत्या.

मी नातवाकडे पाहिलं नाही. त्यालाही कळलं असावं.

नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी रतनपूरला येऊन राहिले तेव्हापासून या मुलखात मराठी आणि मोडी कारभारात होती. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, कारभार इंग्रजांकडे गेला, शाळांतून पुढे मोडीही गेली. आता रायपुरात टाटीबंधपासून तेलीबांध्यापर्यंत मोडी वाचणारा माणूस शोधायचा तर दिवस मोडेल. जे वाचता येत नाही ते रिकामं किंवा रेघोट्या, असं म्हणायची घाई एकट्या विंडोजला नाही. घराला रंग देणाऱ्यांना आहे, मेकॅनिकला आहे, आणि खरं तर ज्यांना आपण हुशार म्हणतो त्यांना जरा जास्तच आहे. अडाणी माणूस निदान कुणाला तरी विचारतो.

नक्कल झाली तेव्हा बाजार बंद होऊन शटरं पडत होती. मी टेस्टडिस्क उघडलं. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाने लिहिलेला हा प्रोग्रॅम, फुकट आणि मुक्त परवान्याचा, दिसायला अगदी गरीब: काळा पडदा, ना चित्रं, ना माउस. डिस्क निवडायची, टेबलाचा प्रकार इंटेल सांगायचा, ॲनालाइज म्हणायचं, मग क्विक सर्च. तो टेबलावर विश्वासच ठेवत नाही. डिस्कवर फिरून प्रत्येक पद्धतीची खूण शोधतो. एनटीएफएसचा भाग असेल तर सुरुवातीच्या सेक्टरमध्ये चक्क त्याचं नाव लिहिलेलं असतं. ईएक्सटी-फोरचा असेल तर सुरुवातीपासून १,०२४ बाइट आत सुपरब्लॉक असतो, त्यात ईएफ-५३ हा ठरलेला आकडा, आणि तिथेच लिहिलेलं असतं की माझा पसारा एवढा. प्रत्येक भाग आपली लांबी स्वतःजवळही बाळगून असतो, म्हणून नोंद गेली तरी ती पुन्हा लिहिता येते.

यादी आली. तीन ओळी ओळखीच्या, चौथी ‘लिनक्स’. प्रत्येक ओळीच्या आधी एक अक्षर असतं: चांगल्या भागाला पी, खोडलेल्याला डी. चौथीपुढे डी होता. लिहायच्या आधी आत बघायची सोय आहे, पी दाबलं की फाइलींची नावं उलगडतात. मी नातवाला पुढे बसवलं. त्याने पी दाबलं, खाली खाली सरकत गेला आणि एके ठिकाणी थांबला. फोल्डरचं नाव होतं ‘हिच्या ओव्या’.

बाणाची कळ दाबून त्यानेच डीचा पी केला. ओळ हिरवी झाली. मग राइट, मग वाय. रीस्टार्ट केल्यावर ग्रबचा नेहमीचा मेनू आला, वर उबुंटू, खाली विंडोज. मामांनी आधी विंडोजमध्ये जाऊन टॅली उघडून पाहिली. मुनीमकीची सवय, ओव्या थांबू शकतात, रोकड मेळ नाही.

उबुंटू उघडल्यावर मात्र सगळं काही आबादीआबाद नव्हतं. ओव्या आणि अलीकडची भाषणं युनिकोडात, ती छान उघडली. त्यात माधवराव सप्र्यांवरचं एक भाषण होतं, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे आणि रायपूरला आयुष्याचा मोठा काळ घालवणारे सप्रे. ते मी मंडळात ऐकलेलं होतं. पण त्याआधीची, पूर्वी कुठल्याशा डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणलेली भाषणं उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला. फाइल शाबूत, एकही बाइट हललेला नाही, आणि वाचता एक ओळ येत नाही. तो श्रीलिपीचा काळ होता. तेव्हा मराठी अक्षरं ही इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली चित्रं असत, तो फाँट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. त्यांना युनिकोडात आणण्याचं काम नातवाने अंगावर घेतलं. पुण्याला गेल्यावर थोडी थोडी करून पाठवतो म्हणाला, आणि पाठवतोय. जोडाक्षरं अजून मध्येच फुटतात. मोडीचे फोटोही त्याच्याकडेच दिलेत. पुण्यात वाचणारे मिळतील, भारत इतिहास संशोधक मंडळात विचार, असं मामांनी त्याला बजावलंय.

डी ड्राइव्हचा प्रश्न तसाच होता. त्यासाठी नवी डिस्क घ्यायची ठरली आणि चौथ्या भागाची आणखी एक नक्कल माझ्या घरी ठेवायची ठरली. एकाच इमारतीत दोन प्रती म्हणजे एकच प्रत, हे मामांना पटवावं लागलं नाही. सदर बाजारातल्या कुठल्याही माणसाला ते सोन्यामुळे ठाऊक असतं.

मी केबली गुंडाळून निघाले तर जिन्यात शेठजींचा पोऱ्या, काखेत पेढीचा सीपीयू मारून उभा. धूळ इतकी की कंपनीचं नाव दिसत नव्हतं.

‘‘दीदी, सेठजी बोले, इसका भी फोटो खींच दो. जितना लगे, ले लेना.’’